तेरावं बसकर

तुम्ही म्हणाल, भुताची गोष्ट आणि ती भर दुपारची? व्हय, दुपारचीच. मार्च महिना, बाराचा सुमार, बाहेर डांबर मऊ पडलेलं. अंधार नाही, वटवाघूळ नाही, कुत्र्याचं रडणं नाही. मलाही आधी पटलं नव्हतं. पण ही गोष्ट जहांआराची आहे, आणि जहांआरा खोटं बोलणाऱ्यातली नाही. उलट खरं तोंडावर बोलण्यापायीच तिच्या आधीच्या दोन नोकऱ्या गेल्या.

त्या गुरुवारी सकाळी ती घरातून निघाली ती धुवायला टाकलेली बसकरं आणायला. मोतीरामच्या लाँड्रीत गठ्ठा बांधून तयार होता.

"तेरा हायेत, बघून घ्या," मोतीराम म्हणाला. "पण मॅडम, पोरं बारा येणार म्हणता. मग हे एक जास्तीचं कुणाला? जावयाला?"

"पाहुण्याला," जहांआरा म्हणाली, आणि गठ्ठा स्कूटीच्या पुढ्यात ठेवून निघाली.

हा पाहुणा कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. स्टेशन रोडच्या आतल्या अंगाला एका जुन्या जिनिंगचं गोदाम आहे. तिथं एक लहानसं संग्रहालय चालतं. जहाजावर नोकरी केलेले एक डॉक्टर होते. जन्मभर बंदरोबंदर हिंडले, आणि जिथं गेले तिथून लोकांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू घेऊन आले. मूर्ती नाहीत, तलवारी नाहीत. लाकडी उशा, भोपळ्याचे खुळखुळे, हाडाच्या सुया, विणलेल्या टोपल्या. जाताना डॉक्टर सांगून गेले की ह्या वस्तू काचेत कोंडायच्या नाहीत, पोरांच्या हातात द्यायच्या. तेव्हापासून जहांआरा दर गुरुवारी शाळांसाठी 'हात लावून पाहा' नावाची कार्यशाळा घेते. खुलताबादहून पोरं येतात, करमाडहून येतात, शहरातली तर येतातच.

तिथली पद्धत अशी. पोरं गोल करून बसतात आणि वस्तू हातोहात फिरते. त्या गोलात एक बसकर रिकामं ठेवायचं. ज्यानं ती वस्तू बनवली, किंवा जिच्या हातात ती झिजली, तिची ती जागा. वस्तू फिरत तिथं आली की क्षणभर त्या जागेपुढं धरायची, मनात आभार मानायचे, आणि पुढच्याच्या हातात द्यायची. सुरुवातीला जहांआरा मोठ्यानं एक वाक्य म्हणते, "ज्यांच्या ह्या वस्तू आहेत, त्यांनी आमच्यात येऊन बसावं." पोरं खुदुखुदू हसतात. एखादं वात्रट कार्टं रिकाम्या बसकराला "नमस्ते काका" म्हणतं. हा सगळा खेळच, कारण बसकर रिकामं आहे हे सगळ्यांना दिसत असतं.

त्या गुरुवारी येणार होती ती अंध मुलामुलींच्या निवासी शाळेतली पोरं.

आदल्या दिवशी त्यांच्या राजकुमार सरांचा फोन आला होता. सरांनाही जन्मापासून दिसत नाही, पण माणूस मोठा हुशार आणि तितकाच कडक. "एक नियम पाळा," ते म्हणाले. "विचारल्याशिवाय माझ्या पोरांचा हात धरायचा नाही. मदत म्हणूनसुद्धा नाही. एकदम कुणी हात धरला की काळजात धस्स होतं."

"नाही धरणार, सर."

"आणि एक मुलगी आहे, मोनिका. अकरा वर्षांची, करमाडच्या पलीकडच्या गावची. गेल्या वर्षी तापात डोळे गेले. आठ महिने झाले, कशाला हात लावत नाही. ब्रेलचे ठिपके तर सोडाच, भाकरीचा तुकडासुद्धा दुसऱ्यानं भरवावा लागतो. दोन्ही हात काखेत दाबून बसते. रविवारी तिचे वडील येतायत. काही शिकत नसेल तर घरी नेतो म्हणतात. घरी काय होणार? ओसरीवर बसवून ठेवतील, बास. मॅडम, तुमच्याकडं तिनं एका वस्तूला जरी हात लावला ना, तरी मी त्या माणसाशी भांडीन."

फोन ठेवल्यावर जहांआराला रात्री जेवण गेलं नाही. तिनं त्या पोरीला पाहिलंही नव्हतं, पण एवढ्याशा पोरीचा सगळा जन्म एका ओसरीवर जाणार हा विचार डोक्यातून जात नव्हता. एका वस्तूला हात लागला पाहिजे, बस्स.

साडेअकराला गाडी आली. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पोरं रांगेनं आत आली. सगळ्यात शेवटी मोनिका, हात काखेत घट्ट. तिच्या खांद्याला धरून शाळेच्या वच्छलाबाईंनी तिला आणलं आणि त्या बाहेर सावलीला जाऊन बसल्या; राजकुमार सरांनी आत, गोलाच्या बाहेर खुर्ची घेतली.

"मोनिका, मी जहांआरा. तुझा हात धरून नेऊ का?"

"नगं."

"बरं. माझ्या आवाजाच्या मागं ये."

आली. बसकरापाशी थांबली आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, मला काय बी हातात देऊ नका."

"का गं?"

"हात लावून बघायला लागले म्हंजी मग डोळं गेलंच की. आता अजून... अजून नाय गेलं म्हणते मी."

जहांआरानं मोनिकाला मुद्दाम रिकाम्या बसकराच्या शेजारी बसवलं. पोरीला गर्दी नको आणि आपल्याला मधे शिरून मदत करता यावी, एवढाच हेतू. बसकराच्या दुसऱ्या बाजूला मुनीब होता, सिल्लेखान्याचा दहा वर्षांचा बडबड्या पोरगा. आणि मोनिकाच्या पलीकडं कृष्णा.

आता चूक कुठं झाली ते ऐका. जहांआराचं सगळं लक्ष मोनिकाकडं. सवयीनं तिनं वाक्य म्हटलं, "ज्यांच्या ह्या वस्तू आहेत, त्यांनी आमच्यात येऊन बसावं." मग म्हणाली, "मुनीब आणि मोनिकाच्या मधली जागा त्यांची. वस्तू आली की आधी त्यांना द्यायची." आणि पुढच्या कामाला लागली. ती जागा रिकामी आहे, आपण नुसतं मानायचंय, हे सांगायचं राहूनच गेलं. आजवर कधी सांगावं लागलंच नव्हतं.

पोरांनी शब्द खरा धरला. मधे कुणीतरी बसलंय, एवढंच त्यांना कळलं.

पहिली फिरली लाकडी उशी. आफ्रिकेतली, मानेखाली घ्यायची, आपल्या पाटासारखी घोटीव. पोरं बोटांनी तिचे कोरीव त्रिकोण वाचत होती, गालाला लावून बघत होती. जहांआरा कार्डावरची माहिती वाचत होती. मान वर केली तेव्हा उशी रिकाम्या बसकरासमोर नीट सरळ ठेवलेली. मुनीबनं ठेवली असणार. तिनं उचलून कृष्णाला दिली.

तेवढ्यात लाइट गेली. वरचा मोठा पंखा कुरकुरत थांबला आणि गोदाम एकदम शांत झालं. पत्र्यावर कबुतरांची नखं वाजत होती, तीही थांबली. उंच झरोक्यांतून ऊन खाली येत होतं, सगळं लख्ख दिसत होतं. लाइट गेल्यावर उकडायला पाहिजे ना? पण जहांआराच्या पायांना फरशी गार लागली. मग आणखी गार.

"बाई, कसला वास येतोय?" कृष्णानं विचारलं.

जहांआरालाही येत होता. जळक्या चरबीचा, धुराचा, आणि त्याच्याखाली ओल्या कातड्याचा.

"बाहेर कुणी काहीतरी जाळत असेल," ती म्हणाली. बाहेर कुणी काही जाळत नव्हतं.

दुसरा फिरला भोपळ्याचा खुळखुळा. खुळ... खुळ... करत तो मुनीबपर्यंत आला. मुनीबनं तो बाजूला पुढं केला. "घे."

जहांआरा पेटीतून तिसरी वस्तू काढत होती. मागून खुळखुळ्याचा आवाज आला. हळू, दोनदा. मग कापडावर काहीतरी टेकल्याचा. वळून बघते तर खुळखुळा बसकरावर.

"हिचे हात लई थंडे हायेत," मुनीब म्हणाला. "बर्फाच्या फॅक्टरीतून आली का काय गं तू?"

"कुणाचे हात, मुनीब?"

"हिचे की. शेजारी बसलीय ती."

जहांआरानं मोनिकाकडं पाहिलं. मोनिकाचे दोन्ही हात काखेत होते.

आता खरं सांगायचं तर तिची पाचावर धारण बसली. पण शिक्षकाचा एक हट्ट असतो, की हाती घेतलेला तास पुरा करायचा. आणि बारा पोरं समोर बसलेली, त्यांना घाबरवून कसं चालेल? तिनं स्वतःला दटावलं, पोरगा गंमत करतोय, आणि तिसरी वस्तू पहिल्या मुलीच्या हातात दिली.

ती होती एक दोरी. सीलच्या कातड्याची बारीक वादी, दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली. गाठीपाशी काळी, बाकी बोटांनी घासून काचेसारखी गुळगुळीत. जहांआरा सांगू लागली, "ही ग्रीनलँडची. तिथं थंडीत दिवस उगवतच नाही. पोरं घरात चरबीचा दिवा लावून बसतात आणि दोरी बोटांत अडकवून आकार करतात. आपण सुतळीची खाट करतो ना, तसाच खेळ. एकाच्या हातावरून दुसऱ्यानं बोटांनी उचलून घ्यायचा..."

बोलता बोलता तिला आपण काय बोललो ते ऐकू आलं. चरबीचा दिवा. वास आता एवढा दाट झाला होता की तिचे डोळे झोंबायला लागले.

दोरी हातोहात सरकत होती. सहा पोरं राहिली. चार. दोन. ह्या वेळी जहांआरानं नजर हलवली नाही.

मुनीबनं दोरी बोटांवर फिरवली, बाजूला वळला आणि रिकाम्या जागेपुढं धरली. "घे."

आणि सोडली.

दोरी पडली नाही.

बसकरापासून वीतभर उंचीवर ती तशीच राहिली, झरोक्याच्या उन्हात. मग दोन बाजूंना ताणली गेली. एक चौकोन झाला. चौकोनाच्या आत आडव्या दोन रेघा आल्या, एकमेकींत गुंतल्या. कुणीतरी सवयीच्या हातांनी, न बघता करावं तसं. आणि दोरीच्या दोन्ही बाजूंना, जिथं हात असायला पाहिजेत तिथं, काही नव्हतं. काहीही नव्हतं.

दाराशी पाण्याचा जग घेऊन निजामुद्दीन चाचा उभे होते, तिथले जुने शिपाई. त्यांच्या हातात जगावर पालथा घातलेला पेला टक् टक् वाजायला लागला.

"बेटी..." ते पुटपुटले. "वो रस्सी... नीचे कायकू नै गिर री?"

जहांआरानं ओठांवर बोट ठेवलं. ओरडायचं नाही. एक किंकाळी गेली की बारा पोरं उठतील, धडपडतील, एकमेकांवर पडतील. राजकुमार सर खुर्चीत ताठ झाले होते. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "खोलीत आपल्याखेरीज कुणी आहे का?"

दोरीचा तो आकार आता वळत होता. हळूहळू, मोनिकाकडं.

मोनिकानं मान उचलली. "कोण हाय?"

दोरी तिच्या छातीसमोर येऊन थांबली. मोनिकाच्या फ्रॉकची बाही आपोआप जराशी दबली, कुणी हात लावल्यावर दबते तशी. पोर दचकून मागं सरली, श्वास लागला तिला.

आता तुम्ही काय केलं असतं? मी तर पळालो असतो. जहांआरा उठली. तिला वाटलं, पोरीला उचलावं आणि बाहेर उन्हात पळत सुटावं. पण बाहेर काय होतं? रविवार होता. ओसरी होती. आठ महिन्यांत ह्या पोरीच्या हातांपाशी कुणी एवढं धीरानं येऊन थांबलं नव्हतं, हेही तिला दिसत होतं. ती त्या गारठ्यात दोन पावलं पुढं गेली, आणि रिकाम्या जागेला, वर्गातल्या कुठल्याही पोरीला दटावावं तशी म्हणाली,

"ए... असं नाही. आधी विचार तिला. विचारल्याशिवाय हात धरायचा नाही. इथला नियम आहे."

फ्रॉकची बाही सैल झाली. दोरी चार बोटं मागं गेली आणि तिथंच थांबून राहिली.

बर्फाच्या देशातल्या पोरीला मराठी कसं कळलं, ते मला विचारू नका. मी सांगतोय ते जहांआरानं डोळ्यांनी पाहिलेलं. मोनिका कान देऊन काहीतरी ऐकत होती. दुसऱ्या कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मग तिच्या कपाळावरची आठी गेली.

"व्हय," ती म्हणाली. "पर हळू."

आणि तिनं काखेतून हात बाहेर काढले.

आठ महिने दाबून ठेवलेले हात. पांढरट, घामेजलेले, बोटं अवघडलेली. ते हळूहळू पुढं आले. दोरीचा आकार खाली झुकला आणि त्यांना भेटला. एकेक बोट कुणीतरी उचलून फटीत घालत होतं. अंगठा इथं, करंगळी तिथं... आता ओढ. दोरी हवेतून सुटली आणि मोनिकाच्या दोन्ही हातांवर ताणून बसली.

"आग्गंऽ!" मोनिका ओरडली, आणि हसली. "ह्यो पाळणा झाला! बाई, पाळणा झाला वो!"

मग आकार पुन्हा उचलला गेला आणि पुन्हा परत आला. ह्या वेळी वेगळाच काहीतरी होता. मोनिका बोटांनी चाचपून म्हणाली, "पाखरू हाय. हे पंख." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "अजून एक कर की. अजून."

वरचा पंखा कुरकुरला. लाइट आली. कबुतरं फडफडली, आणि गोदामात एकदम मार्चची दुपार भरली. दोरी मोनिकाच्या हातांवर सैल पडली होती.

त्यानंतर पोरीनं थांबायचं नावच घेतलं नाही. उशी मागितली, खुळखुळा मागितला, सुया, टोपल्या, सगळं चाचपून झालं. मुनीबचे कान धरून बघितले. निजामुद्दीन चाचांची दाढी विचारून चाचपली, आणि भिंतीला टेकून मनात दुवा म्हणत बसलेला तो म्हातारा चक्क हसला. राजकुमार सर खुर्चीत बसून नाक पुसत होते आणि आपल्याला सर्दी झालीय असं सगळ्यांना सांगत होते.

जहांआरा मोनिकाजवळ टेकली. "मोनिका... कोण होतं गं?"

"पोरगी व्हती. माझ्याएवढीच."

"काय म्हणाली?"

"बोली नाय समजली. पर तिनं इचारलं, येवढं कळलं. बाई, तिला बी दिसत नव्हतं."

"तुला कसं कळलं?"

"तिनं माझं तोंड हातांनी बघितलं. असं." आणि मोनिकानं आपली बोटं जहांआराच्या कपाळावरून, भुवयांवरून, गालांवरून हळूहळू उतरवली. "डोळं गेलं माझं, बाई. गेलं ते गेलंच. पर हे बी बघणंच हाय की."

जहांआरानं तिला छातीशी धरलं आणि पोटभर रडली. भीती कुठं गेली होती कुणास ठाऊक.

रविवारी ती शाळेत गेली. तिला राहवलंच नाही. मोनिकाचे वडील कारभारी आले होते, शेंद्र्याला कंपनीत कामाला असलेला उंच, अबोल माणूस. आल्या आल्या पोरीनं त्यांचं तोंड चाचपलं आणि म्हणाली, "आप्पा, दाढी करून यायचं की वो. आन् किती वाळलाव तुम्ही." तो तसाच खाली बसला. मग दिवसभर ती त्यांना हाताला धरून शाळाभर हिंडवत होती, हे स्वयंपाकघर, ही माझी कॉट, हा माझा वर्ग. टेबलावर ब्रेलची पाटी होती. तिनं पहिली पाच अक्षरं वाचून दाखवली. सरांना भांडायची वेळच आली नाही.

उतरत्या उन्हात कारभारी फाटकापाशी जहांआराला भेटले. हातात पिशवी होती, ती रिकामीच परत निघाली होती.

"ठेवून चाललो बाई पोरीला," ते म्हणाले. "तिची माय रडंल, पर सांगतो तिला समजावून. खरं बोलायचं तर घेऊन जायलाच आलो हुतो. माझी लेक अंधारात एकटी पडली, ह्याच एका गोष्टीचा घोर हुता जिवाला. आता सोबत हाय तिला, बघितलं मी."

"मुनीब, कृष्णा, सगळेच आहेत," जहांआरा म्हणाली.

"ते हायेतच. पर ती पोरगी. सकाळपून हात सोडला नाय तिनं मोनिकाचा. तिला बी दिसत नाय वाटतं बिचारीला." कारभारींनी अंगणाकडं पाहिलं. कडुनिंबाखाली मोनिका एकटी उभी होती, तोंड फाटकाकडं. डावा हात जरासा बाजूला, मूठ अर्धवट मिटलेली. कारभारींनी तिकडं बघून हात हलवला. मग संकोचून, दुसऱ्याच्या लेकराबद्दल बोलू की नको अशा आवाजात म्हणाले, "बाई, एक सांगू का? कुणाची लेक हाय ठाव नाय मला. पर ह्या असल्या उन्हात तिला तो केसाळ कातड्याचा कोट कशापायी घालून ठेवलाय? टोपडं पार कपाळापत्तूर. उकडत असंल वो पोरीला. तिच्या मायला सांगा तेवढं."

जहांआराच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं कडुनिंबाकडं पाहिलं, मग त्या माणसाच्या निवांत झालेल्या चेहऱ्याकडं.

"सांगते," ती म्हणाली.